हँडलबारची टेप आपल्या हातांनी

रोड सायकल चालवताना आपलं शरीर सायकलला फक्त पाच ठिकाणी टेकलेलं असतं. दोन पायडल, एक सीट आणि दोन हात. पायांत बूट असतात, सीटला गादी असते. हातांना मात्र हँडलबारवर गुंडाळलेल्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीचाच काय तो आधार असतो. तीच ही टेप. ती मळते, फाटते, सैल होते, आणि आपण ‘बघू नंतर’ म्हणत तशीच वापरत राहतो. मग कधीतरी दुकानात सायकल देतो आणि नवी टेप लावून आणतो.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं साधं आहे. आपल्या कॉलेजच्या स्टँडवर आता मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलच्या सायकली दिसतात. कोणी रविवारी मिसेनंतर राकसकोपपर्यंत जाऊन येतं, कोणी पहाटे निघून चोर्ला घाट गाठतं, कोणी आंबोली. या मंडळींना हे काम यायला हवं. दुसरं कारण मंडळाचंच आहे. अशी हाताची कामं आपण इंग्रजी व्हिडिओ बघून शिकतो आणि मराठीत कोणाला समजावून सांगायची वेळ आली की अडखळतो. हे काम मराठीत नीट सांगता येतं का, हेही या निमित्ताने पाहू.

एक गोष्ट आधीच सांगते. या कामात नियम बरेच आहेत, पण एकही पाठ करावा लागत नाही. प्रत्येक नियमामागचं कारण आपल्या हातात, म्हणजे अक्षरशः तळहातात आणि मनगटात आहे. हात दांड्यावर कुठे दाबतो आणि कुठे पिळतो, हे समजलं की टेप कशी गुंडाळायची ते आपोआप कळतं.

टेप नेमकं काय करते

टेपची कामं चार. हाताला पकड देणं, रस्त्याचे हादरे थोडे गिळणं, घाम शोषणं आणि दांड्यालगत जाणाऱ्या ब्रेक-गिअरच्या केबल जागच्या जागी धरून ठेवणं.

यातलं दुसरं काम वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे. आपल्या मनगटात करंगळीच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. फेलिक्स ग्युयाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला ग्युयाँची नलिका म्हणतात. करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देणारी अल्नर नस या नलिकेतून जाते. तळहाताची ही कड तासन्‌तास दांड्यावर दाबली गेली, वर खडबडीत रस्त्याचे हादरे बसत राहिले, की करंगळीला मुंग्या येतात, ती बधिर होते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये ही तक्रार ओळखीची आहे.

चांगली टेप हा दाब थोडा कमी करते. पण टेप म्हणजे औषध नव्हे. सीट पुढे झुकलेली असेल किंवा हँडल फार लांब आणि खाली असेल, तर शरीराचा भार हातांवरच येणार. तेव्हा आधी बैठक तपासायची, चालवताना हातांची जागा बदलत राहायची, आणि तरीही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवायचं.

पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली १८९६ पासूनची शर्यत दगडी फरसबंदीच्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे अनेक स्वार एका टेपवर दुसरी टेप गुंडाळून घेतात. आपल्याकडच्या काही रस्त्यांवर हा उपाय कोणाला सुचला तर त्यात नवल नाही. मात्र दुहेरी टेपने दांडा जाड होतो. हात लहान असेल तर पकड सैल पडते आणि बोटं उलट जास्त थकतात.

कापूस, लाख आणि बूच

पूर्वी हँडलला साधी सुती पट्टी गुंडाळत. ती पातळ असे, हाताला छान लागे, पण घाम आणि पाणी पिऊन लवकर काळी पडे. त्यावर युरोपातल्या सायकलस्वारांनी शोधलेला उपाय आपल्याला जवळचा आहे. ते सुती टेपवर लाखेचं पॉलिश देत. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याचा स्राव. भारत हा लाखेचा जुना आणि मोठा उत्पादक देश आहे. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशने दोन-तीन हात दिले की टेप टणक होते, तिला मधासारखा रंग येतो आणि पाणी आत शिरत नाही. आपले सुतार लाकडी सामानाला देतात ते लाखेचं पॉलिश आणि हे, एकच. जुन्या स्टीलच्या सायकली हौसेने सांभाळणारे लोक आजही हे करतात. तुम्ही केलंत तर खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास दिवा, शेगडी, उदबत्ती काही नको. पांडवांसाठी बांधलेल्या घराला लाख का वापरली होती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढे चकचकीत प्लास्टिकची टेप आली. ती दिसायला झकास, पण घामेजल्या हातातून निसटायची. १९८०च्या दशकात फोममध्ये बुचाचा चुरा मिसळलेली टेप लोकप्रिय झाली. आज आपण जिला ‘कॉर्क टेप’ म्हणतो ती हीच. ती मऊ असते, थोडी ताणली जाते आणि नवशिक्याला सोपी पडते. म्हणून या पाठासाठी हीच टेप धरू.

लागणारं सामान

टेपची एक जोडी. पाकिटात सहसा दोन लांब पट्ट्या, दोन छोटे तुकडे, टोकाला बसवायचे दोन प्लग आणि शेवटी लावायच्या दोन चिकटपट्ट्या असतात. पाकिटातली चिकटपट्टी बहुधा कुचकामी असते, म्हणून इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी इन्सुलेशन टेप वेगळी आणा. शिवाय धारदार कात्री, स्वच्छ सुती फडकं आणि मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट. पहिल्या वेळेला दीड तास हाताशी ठेवा. हात स्वच्छ धुऊन बसा, कारण नव्या टेपवर पहिला डाग बहुतेक वेळा लावणाऱ्याच्याच हाताचा पडतो.

सायकल भिंतीला टेकवून नीट उभी करा. पुढचं चाक डुलत असेल तर ते दोरीने फ्रेमला बांधून घ्या. टेपला ताण देताना हँडल सारखं फिरत राहिलं तर काम होत नाही.

आधी जुनी टेप वाचा

काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. केबल दांड्याच्या पुढून गेली आहे की मागून, लिव्हर कोणत्या उंचीला आहे, हे नंतर उपयोगी पडतं.

मग जुनी टेप बारकाईने बघा. आपण कविता वाचताना कुठला शब्द पुन्हा आला, कुठली ओळ लांबली, ते बघतो. इथेही तसंच. टेप कुठे सर्वात जास्त झिजली आहे? स्टेमजवळ आडव्या भागावर, लिव्हरच्या मागे की खालच्या वळणात? जिथे झीज, तिथे तुमचे हात राहतात. वेढे कोणत्या बाजूला सरकले आहेत? ज्या बाजूला सरकलेत, त्या बाजूला तुमचा हात टेप ढकलतो. एका बाजूची टेप दुसरीपेक्षा जास्त झिजली असेल, तर तुम्ही एका हातावर जास्त भार टाकता. ही माहिती दुकानदाराकडे नसते, ती फक्त तुमच्या टेपवर असते.

आता लिव्हरवरचं रबर मोज्याचं तोंड उलटवतो तसं पुढे दुमडा. स्टेमजवळची चिकटपट्टी सोडा आणि वरून खाली टेप उलगडत या. शेवटी टोकाचा प्लग काढा. आतल्या केबलना धरून ठेवणारे चिकटपट्टीचे तुकडे शाबूत असतील तर राहू द्या, सुटत असतील तर बदला.

उघडा दांडा

आता या पाठातला सर्वात महत्त्वाचा भाग. घाईत असलात तरी हा टाळू नका.

बहुतेक रोड सायकलींचा हँडलबार अ‍ॅल्युमिनियमचा असतो. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो धातूचं रक्षण करतो. घामातलं मीठ मात्र हा थर जागोजागी फोडतं. टेपखाली घाम साचतो, वाळत नाही, पुन्हा साचतो. आपल्याकडचा पावसाळा आणि घाटाखालची दमट हवा त्यात भर घालते. घरात ट्रेनरवर सायकल लावून व्यायाम करणाऱ्यांच्या हँडलवर तर घाम थेट ठिबकतो. मग दांड्यावर पांढरी भुकटी धरते आणि तिच्याखाली बारीक खड्डे पडतात. खड्ड्याच्या ठिकाणी धातूवर ताण एकवटतो, तिथून तडा जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वाकून सूचना देत बसत नाही. तो एकदम तुटतो. घाट उतरताना तुटला तर काय होईल, ते सांगायला नको.

हे सगळं टेपखाली घडतं. वरून टेप नवीकोरी, चकचकीत दिसत असते. टेप बदलतानाच काय तो दांडा उघडा पडतो, आणि त्या अर्ध्या तासात तो आपण बघितला नाही तर पुढचं वर्षभर कोणीच बघणार नसतं. टेप स्वतः बदलावी असं मी म्हणते, त्याचं खरं कारण हे आहे. पैसे वाचतात तो वरचा फायदा.

फडक्यावर स्पिरिट घेऊन दांडा स्वच्छ पुसा. जुना गोंद निघून जाऊ द्या. रॉकेल किंवा तेल वापरू नका, कारण त्याचा ओशट थर राहतो आणि नवी टेप धरत नाही. मग उजेडात तीन जागा तपासा. दांडा स्टेममध्ये शिरतो ती कड, लिव्हरचा पट्टा आवळलेला असतो ती जागा आणि खालच्या वळणाचा सर्वात खोल भाग. नखाने ओरखडून बघा. नुसता पांढरेपणा पुसून गेला आणि खाली पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर काळजी नाही. नखाला खड्डे लागत असतील, किंवा केसाएवढी रेघ दिसत असेल आणि ती पुसून जात नसेल, तर काम इथेच थांबवा आणि हँडलबार बदला. त्यावर टेप गुंडाळणं म्हणजे धोका झाकून ठेवणं.

दांडा कार्बनचा असेल तर धागे उसवलेत का, कुठे दबलंय का ते पाहा. शंका आली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय चालवू नका. आणि दांडा कशाचाही असो, त्यावर टेप ठेवून ब्लेडने कधीही कापायचं नाही. ब्लेडची बारीक चीर हीसुद्धा तडा सुरू व्हायला पुरेशी जागा असते.

खालून वर का

टेप टोकापासून सुरू करून स्टेमकडे न्यायची असते. कारण समजायला आपल्या कौलारू घरांचं छप्पर आठवा. कौलं वळचणीपासून चढत्या ओळींनी बसवतात, म्हणजे प्रत्येक वरचं कौल खालच्यावर चढतं आणि पाणी खाली घसरत जातं, फटीत शिरत नाही. हँडलवर पाण्याऐवजी आपला हात असतो. तो आडव्या भागावरून बाहेरच्या बाजूला आणि वळणावरून खाली घसरू पाहतो. टोकापासून गुंडाळलेल्या टेपच्या कडा त्याला अडत नाहीत. स्टेमपासून टोकाकडे गुंडाळली तर प्रत्येक कड हाताच्या वाटेत येते आणि काही दिवसांत गुंडाळून वर येते. जुन्या सुती टेप काही जण वरून सुरू करत, कारण त्या पातळ होत्या आणि शेवट प्लगमध्ये खोचला जाऊन स्टेमजवळ चिकटपट्टी लागत नसे. फोमच्या जाड टेपला मात्र खालून वरच बरं.

कोणत्या दिशेने

सायकलवर बसल्याप्रमाणे मागे उभे राहून हँडलच्या दोन्ही टोकांकडे बघा. उजव्या बाजूची टेप घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायची, डाव्या बाजूची उलट. म्हणजे दोन्हीकडे दांड्याच्या वरून जाताना टेप बाहेरच्या अंगाला जाते.

कारण पुन्हा हातातच आहे. खालच्या वळणाला धरून जोर लावला की मनगटं बाहेरच्या बाजूला पिळली जातात. सुताला त्याच्याच पिळाच्या दिशेने फिरवलं तर ते घट्ट होतं, उलट फिरवलं तर सुटतं. टेपचंही तसंच. हाताचा पीळ आणि टेपचा पीळ एकाच दिशेचा असेल, तर प्रत्येक वेळी जोर लावताना टेप स्वतःच आवळली जाते.

इथे एक पेच आहे. याच दिशेने टेप वर आणत गेलो, तर वळसा घेऊन ती आडव्या भागावर पोचते तेव्हा दांड्याच्या वरून पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर जाते. चढावर आडवा भाग धरून आपण हँडल आपल्याकडे ओढतो, म्हणजे तिथला पीळ नेमका उलटा पडतो. काही अनुभवी मेकॅनिक लिव्हरपाशी टेपची दिशा बदलतात. पहिल्यांदा करताना त्या फंदात पडू नका. मघाशी वाचलेली जुनी टेप आठवा. खालच्या वळणात झीज जास्त असेल तर वर सांगितल्याप्रमाणे बाहेरच्या दिशेने सुरू करा. आडव्या भागावरच सगळी झीज असेल, तर आतल्या दिशेने सुरू केलंत तरी चालेल. दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या हव्यात, एवढं सांभाळा.

गुंडाळायला सुरुवात

टेपच्या मागचा कागद सगळा एकदम काढू नका, वीतभर काढत जा. पहिला वेढा असा घ्या की टेपची साधारण निम्मी रुंदी दांड्याच्या टोकाबाहेर राहील. हा बाहेरचा भाग पुढे नळीत खोचायचा आहे.

आता ताण. टेप एवढी ओढा की ती किंचित लांबेल आणि दांड्याला बिलगेल. फार ओढली तर कॉर्कची टेप मध्येच तुटते, कमी ओढली तर महिनाभरात सरकते. दोन्ही हातांनी आळीपाळीने घ्या, एका हाताने वेढा दाबून धरा आणि दुसऱ्याने ओढा. ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहिला पाहिजे.

एका वेढ्याने दुसऱ्यावर किती चढायचं? यासाठी थोडं गणित करू. हातात येणारा दांडा साधारण २४ मिलिमीटर जाड असतो. अडीच मिलिमीटर जाडीची टेप धरली तर एका वेढ्याला सुमारे ८.३ सेंटीमीटर टेप लागते. पट्टी २ मीटरची असेल तर साधारण २४ वेढे होतील. टेपची रुंदी ३ सेंटीमीटर. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर १ सेंटीमीटर, म्हणजे एक तृतीयांश चढवला, तर तो २ सेंटीमीटर पुढे जातो. चोवीस वेढ्यांत ४८ सेंटीमीटर दांडा झाकला जातो. बहुतेक हँडलच्या एका बाजूला जवळपास एवढीच लांबी झाकायची असते, आणि ताणामुळे टेप थोडी लांबते तो वाढावा. पण वेढा निम्मा चढवला तर २४ वेढ्यांत ३६ सेंटीमीटरच होतात. टेप लिव्हरच्या थोडी वर जाऊन संपते आणि सगळं उलगडून पुन्हा करावं लागतं. म्हणून आधी दोरा धरून आपल्या दांड्याची लांबी मोजा आणि मग चढ ठरवा.

वळणावर एक काळजी घ्या. वळणाच्या आतल्या बाजूला वेढे एकमेकांवर दाटी करतात आणि बाहेरच्या बाजूला फाकतात. नजर नेहमी बाहेरच्या बाजूवर ठेवा. तिथे टेपवर टेप चढलेली असेल तर आतली बाजू आपोआप झाकली जाते. बाहेर दांडा डोकावला तर दोन वेढे मागे या, टेप हळूच सोडवा आणि जरा तिरकी धरून पुन्हा घ्या. फोमची टेप एक-दोनदा उलगडणं सहन करते. मात्र गोंदाची पट्टी ओढून काढलीत तर तिच्याबरोबर टेपचा तुकडाही निघतो.

लिव्हरपाशी

लिव्हर जिथे दांड्याला आवळलेला असतो, तिथे नुसत्या वेढ्याने झाकलं न जाणारं धातूचं बोट-दीड बोट उरतं. पाकिटातले छोटे तुकडे त्यासाठीच. एक तुकडा लिव्हरच्या मागून आवळणाऱ्या पट्ट्यावर आडवा चिकटवा, त्याची दोन्ही टोकं लिव्हरच्या रबराखाली जातील असं बघा. मग लिव्हरच्या खालून जितकं जवळ जाता येईल तितका शेवटचा वेढा घ्या, टेप मागच्या बाजूने तिरकी वर न्या आणि लिव्हरच्या लगेच वर पुढचा वेढा घ्या. रबर खाली उलटवून बघा. कुठे धातू दिसत नसेल आणि रबर फुगलेलं नसेल तर जमलं. इथे अनेक वेढे घेतले तर गाठ होते आणि नेमकी तीच गाठ तळहाताला टोचते. हाताची सर्वात जास्त वापरातली जागा हीच असते, त्यामुळे इथे वेळ द्या.

शेवट आणि टोकं

स्टेमजवळ दांडा जाड होऊ लागतो, त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. टेप तिरकी येत असते आणि आपल्याला तर शेवट सरळ हवा. म्हणून जिथे थांबायचं तिथे टेपवर खूण करा, एक वेढा उलगडा आणि कात्रीने तिरका, लांबट त्रिकोण कापा. परत गुंडाळलं की कड दांड्याला काटकोनात येते.

आता इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे. ते ताणून घ्या, पण शेवटचा सेंटीमीटरभर भाग न ताणता नुसता दाबून चिकटवा. ताणलेलं टोक हळूहळू आकसतं आणि सुटतं, सैल ठेवलेलं टोक सुटत नाही. टोक हाताने तोडू नका, कात्रीने कापा, कारण तोडताना ते ताणलं जातंच. आणि ते टोक दांड्याच्या खालच्या बाजूला येऊ द्या.

मग मघाचं बाहेर राहिलेलं टोक नळीत खोचा आणि प्लग दाबून बसवा. प्लग सैल वाटला तर त्याला इन्सुलेशन टेपचा एक वेढा देऊन जाड करा. प्लग ही शोभेची वस्तू नाही. लाटलेल्या पोळीवर वाटी उपडी दाबली की नेवरीची गोल चकती कापून निघते. उघड्या नळीचं तोंड पडलेल्या माणसाच्या पोटात किंवा मांडीत तेच करतं. म्हणूनच अनेक शर्यतींच्या नियमांत टोकं बंद असणं सक्तीचं असतं. टेप कितीही जुनी असू दे, प्लग हरवला तर त्याच दिवशी नवा बसवा.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल ताणली जात नाही ना. दोन्ही ब्रेक दाबा. मग गल्लीत एक फेरी मारा, थोडा जोर लावा, आणि परत येऊन वेढे बघा.

कामाचे शब्द

आता मंडळाच्या कारणाकडे येते. वर वापरलेले शब्द पुन्हा बघा. वेढा, ताण, पीळ, चढ, कड, खोचणं, आवळणं, उलगडणं, उसवणं, बिलगणं. यातला एकही सायकलसाठी तयार झालेला नाही. खोचणं साडीच्या निऱ्यांकडून आलं, पीळ सुताकडून, चढ कौलांकडून. टेप, प्लग, लिव्हर, स्टेम, केबल ही वस्तूंची नावं आपण घेतली तशीच ठेवली, आणि ती ठेवायलाच हवीत. कोणी त्यांना नवे मराठी प्रतिशब्द घडवून दिले तर दुकानात कोणालाही कळणार नाहीत. नाव परकं असलं तरी चालतं. हात काय करतो हे सांगणारं क्रियापद मात्र आपलं असेल तरच ऐकणाऱ्याचा हात बरोबर हलतो. ‘टेपला टेन्शन द्या’ म्हटल्यावर माणूस विचारात पडतो. ‘जरा ओढून धर, बिलगू दे’ म्हटल्यावर त्याचा हात लगेच कामाला लागतो.

आपल्या बेळगावात मराठीबद्दल बोलायची वेळ आली की बहुतेकदा व्यासपीठ असतं, माईक असतो. सायकल स्टँडवर स्पिरिटच्या वासात, काळ्या झालेल्या हातांनी मराठी बोलली जाते का, हेही विचारायला हवं. तिथे ती सहज चालते, फक्त आपण ती तिथे घेऊन जायला हवी.

स्वाध्याय

१. आपल्या किंवा मित्राच्या सायकलची टेप न काढता वाचा. झीज कुठे आहे आणि वेढे कोणत्या बाजूला सरकले आहेत ते लिहा. त्यावरून चालवणाऱ्याची सवय ओळखा आणि त्याला विचारून खात्री करा.

२. काढलेली जुनी टेप फेकू नका. लाटण्यावर किंवा छत्रीच्या दांड्यावर ती दोन्ही दिशांनी गुंडाळा, मूठ आवळून बाहेरच्या बाजूला पिळा आणि कोणती सुटते ते बघा.

३. दोऱ्याने आपल्या हँडलची एका बाजूची लांबी मोजा आणि वर दिलेल्या रीतीने वेढे आणि चढ यांचा हिशेब मांडा.

४. घरातलं कोणतंही एक हाताचं काम निवडा. ते न केलेल्या माणसाला फक्त बोलून, हात न लावता शिकवा. तो कुठे अडला तो शब्द टिपून ठेवा आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत घेऊन या.

पावसाळा सरला की रस्ते कोरडे होतात आणि सायकली बाहेर निघतात. दांडा उघडून बघायला तोच मुहूर्त बरा.